खंडौष्ठ-खंडतालूमधील चेहऱ्याची असममिती

खंडौष्ठ-खंडतालूमधील चेहऱ्याची असममिती : वरचा ओठ व टाळू जन्मतः दुभंगलेले असताना चेहऱ्याच्या सांगाड्याच्या उजव्या व डाव्या भागांच्या आकारात आणि स्थानात आढळणारा फरक. गर्भावस्थेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यांत ओठ व सु. बाराव्या आठवड्यापर्यंत टाळू जुळून येतो; हे जुळणे अपुरे राहिल्यास विदर उरते. जगात सु. ७०० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. ग्रहणात गर्भवतीने काही चिरल्यास मुलाचा ओठ फाटतो, ही समजूत निराधार आहे. आनुवंशिकता, मातेचे धूम्रपान, काही औषधे इ. कारणे संभवतात.

विदर एकाच बाजूस असल्यास (ते डावीकडे अधिक आढळते) असममिती ठळक असते. खंडित स्नायूंचा ओढ असमतोल झाल्याने नासापटलाचे पुढचे टोक निरोगी बाजूकडे वळते. विदराच्या बाजूची नाकपुडी बसकी व रुंद होते आणि तेथील दंतधारक हाडाचा तुकडा आत सरकतो. त्यामुळे वरचे दात खालच्या दातांच्या आतल्या बाजूस मिटतात. हा फरक नाकाच्या तळाशी सर्वाधिक असून नेत्रकोटरांकडे कमी होत जातो. खालचा जबडा बहुधा फारसा बाधित होत नाही.

शस्त्रक्रियेच्या वणानेही वरच्या जबड्याची वाढ खुंटते. शस्त्रक्रिया न झालेल्या श्रीलंकेतील रुग्णांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही वाढ बरीचशी स्वाभाविक आढळली. तथापि अन्नग्रहण व वाचा यांसाठी शस्त्रक्रिया अटळ असते. ओठ सु. ३ ते ६ महिन्यांच्या आणि टाळू सु. ९ ते १८ महिन्यांच्या वयात शिवतात. सु. ८ ते ११ वर्षांच्या वयात, सुळा उगवण्यापूर्वी, कमरेच्या हाडातील सच्छिद्र अस्थी विदरात भरतात. त्यामुळे सुळ्यास व नाकाच्या तळास आधार मिळतो. उरलेली असममिती क्ष-किरण चित्रांवरून मोजून, वाढ पूर्ण झाल्यावर जबड्यावरील शस्त्रक्रियेने दुरुस्त करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) अंगणवाड्या व शाळांतून या दोषाचीही तपासणी होते. अंजनगाव सुर्जीसारख्या वऱ्हाडातील तालुक्यांत दोष असा लवकर ओळखता येतो. पुढील उपचारांसाठी मात्र मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते. ओठ शिवला म्हणजे उपचार संपले, असे समजून पालकांनी पुढील तपासण्या सोडल्यास अस्थिरोपणाची योग्य वेळ निघून जाते व असममिती कायमची राहण्याचा संभव वाढतो.