बाळंतिणीची थरथर: साधी कोणती, धोक्याची कोणती

बाळ रडलं, वार पडली, सिस्टरने पोट दाबून गर्भाशय घट्ट झाल्याची खात्री केली. आता सगळं नीट पार पडलं म्हणेपर्यंत बाळंतिणीचे दात वाजू लागतात. आधी जबडा, मग खांदे, मग मांड्या. खाली टेबल हलावं इतक्या जोराने अंग थरथरतं. ती पूर्ण शुद्धीवर असते, विचारलं तर उत्तर देते, पण थरथर थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. कित्येकींना तर थंडीही वाजत नसते, नुसतं अंग हलत असतं. दाराबाहेर ही बातमी पोचली की सासूबाईंच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘वारं लागलं हिला!’

सात लाखांवर वस्तीच्या भिवंडीत या थरथरीला घरोघरी वेगळं कारण लावलं जातं. यंत्रमागांच्या कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली कुटुंबं आणि तालुक्यातल्या गावा-पाड्यांवरची आगरी, कोळी, वारली, कातकरी माणसं एकाच प्रसूती विभागात शेजारशेजारच्या खाटांवर येतात. कोणी वाऱ्याला दोष देतं, कोणी अंगातलं रक्त संपलं म्हणतं, कोणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी मागवतं, तर कोणी ‘घाबरट आहे पोरगी’ म्हणून तिलाच बोल लावतं. पोरगी आधीच थकलेली. त्यात आपलं काहीतरी बिनसलं, या धास्तीची भर.

खरं तर ही थरथर फार सर्रास होते. वेगवेगळ्या पाहण्यांनुसार साध्या, नैसर्गिक प्रसूतीनंतर चारांतल्या एकीपासून निम्म्या स्त्रियांपर्यंत ती दिसते. बहुतेक वेळा प्रसूतीनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात सुरू होते, काही मिनिटं ते तासभर टिकते आणि औषधाविना आपोआप विरते. नेमकं एकच कारण शास्त्राला अजून सापडलेलं नाही. कळा देताना स्नायूंनी प्रचंड उष्णता निर्माण केलेली असते. ते काम एकदम थांबतं. घाम, गर्भजल आणि रक्ताने कपडे ओले झालेले असतात. वार सुटताना बाळाच्या रक्ताचे काही अंश आईच्या रक्तात मिसळतात, संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते. यांतल्या काहींचा किंवा सगळ्यांचा मिळून हा परिणाम असावा, असं मानलं जातं. धीट बाईलाही थरथर होते, चौथ्या खेपेच्या बाळंतिणीलाही होते. तिच्या मनाच्या दुबळेपणाशी याचा संबंध लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

‘दवाखान्यात काहीतरी गोळ्या दिल्या, म्हणून झालं’ हा आरोपही ऐकू येतो. त्यात अर्धं तथ्य आहे आणि ते अर्धं नीट समजून घेण्यासारखं आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते थंड ठेवावं लागतं. जिथे ती सोय नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात, आणि या गोळ्यांनी हुडहुडी भरते, तापही चढू शकतो. याचा पक्का पुरावा महाराष्ट्राशेजारच्या बेळगाव जिल्ह्यातून आलेला आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात होत आणि ती करणाऱ्या होत्या एएनएम, म्हणजे गावच्या नर्सबाई. निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना हुबेहूब तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या.

रक्त किती गेलं हे नजरेच्या अंदाजावर सोडलं नव्हतं. बाळंतिणीच्या कमरेखाली प्लॅस्टिकची चादर सरकवायची, तिच्या टोकाला आकडे छापलेली निमुळती पिशवी. रक्त तिच्यात उतरे आणि नर्सबाई आकडा वाचून लिहून घेत. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं. थरथर मात्र औषध घेतलेल्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक जणींना झाली. आणि औषध नसलेल्या गोळ्या घेतलेल्यांत? तिथेही सुमारे १७ टक्के, म्हणजे सहांतल्या एकीला. औषधाचा कण पोटात नसताना.

म्हणजे गोळ्यांमुळे हुडहुडी वाढते हे खरं, पण तिच्या बदल्यात रक्तस्राव आटोक्यात राहतो. हा सौदा बाळंतिणीच्या फायद्याचाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईचं अर्धा लिटर रक्त जाणं केवढं महागात पडतं, हे प्रसूती विभागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तेव्हा नर्सबाईंनी गोळ्या दिल्या तर भांडू नये. ‘यांनी थंडी भरेल का, ताप येईल का’ एवढं विचारून ठेवावं.

सिझेरियनची गोष्ट थोडी निराळी. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनने होत होतं, आणि पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केल्यावर जवळपास निम्म्या स्त्रिया थरथरतात. लोक ऑपरेशन थिएटरच्या एसीला नावं ठेवतात. एसीने भर पडते, पण मूळ कारण इंजेक्शनच्या परिणामात आहे. बधिर भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीराच्या गाभ्यातलं ऊन रक्त पायांकडे पसरतं आणि आतलं तापमान उतरतं. ते भरून काढायला शरीर स्नायू हलवून उष्णता तयार करू पाहतं. पाय बधिर असल्याने ते निश्चल पडून राहतात, थडथडतात ते हात, खांदे आणि जबडा. बोटाला लावलेला चिमटा आणि दंडाचा पट्टा यांवरचे आकडेही त्या हलण्याने चुकतात. भूलतज्ज्ञ अशा वेळी गरम पांघरूण घालतात, सलाईन कोमट करून देतात आणि गरज पडलीच तर औषधाने थरथर थांबवतात.

घरच्या उपायांपैकी मायेने केलेले बरेचसे चांगले आहेत. ओले कपडे बदलावेत, कोरडी चादर घालावी, डोक्या-कानांना फडकं बांधावं, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर ऊन पाणी किंवा पेज द्यावी. दोन उपायांना मात्र ठाम नकार हवा. बधिर पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. कातडी भाजते आणि बाळंतिणीला पत्ताच लागत नाही. दुसरा उपाय बाजेखालच्या शेगडीचा. दारं-खिडक्या लावून कोळसा धुमसत ठेवला की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला रंग नाही, वास नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

थंडी भरलेल्या बाईचं दूध बाधतं, ही समजूतही काढून टाकायला हवी. थरथरीचा दुधावर काही परिणाम होत नाही. पहिल्या तासात चीक पाजायचा, तर हात कापत असताना बाळाला कोणीतरी आधार द्यायचा, बस्स.

इथवर वाचून कोणी प्रत्येक थरथर साधी मानू लागलं, तर तो सगळ्यांत घातक गैरसमज ठरेल. थरथरीसोबत रक्त थांबत नसेल, ओठ पांढरे पडले असतील, अंगाला गार घाम सुटला असेल, नाडी धावत असेल, तर पांघरूण आणायला जाऊ नये, सिस्टरला हाक मारावी. थरथरणारी बाई बोलते. झटका आलेली बोलत नाही. डोळे फिरले, शुद्ध हरपली, अंग ताठ झालं, तर तो एक्लॅम्पसियाचा, म्हणजे वाढलेल्या रक्तदाबाच्या आजारातला झटका असू शकतो. प्रसूतीनंतरचे बहुतेक झटके पहिल्या दोन दिवसांत येतात, पण घरी परतल्यावरही येऊ शकतात. आधी डोकं असह्य दुखतं, नजर अंधुक होते, पोटाच्या वरच्या भागात कळ येते. कांदा हुंगवण्यात किंवा तोंडात चमचा घालण्यात वेळ दवडू नये. कुशीवर वळवावं आणि १०८ला फोन करावा.

धनुर्वाताची भीती जुन्या पिढीच्या मनात अजून आहे, आणि ती उगाच नव्हती. पण धनुर्वात पहिल्या तासात होत नाही. तो काही दिवसांनी दिसतो आणि त्यात जबडा वाजत नाही, घट्ट मिटतो. गरोदरपणातल्या लसीमुळे माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात इतका कमी झाला, की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. ती लस मात्र चुकवायची नाही.

उरतो तो ताप. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरलेली हुडहुडी ही पहिल्या तासातली थरथर नव्हे. थर्मामीटरवर १००.४ फॅरेनहाइट किंवा अधिक ताप, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं, टाके लाल होणं किंवा स्तनात गाठ येऊन ठणका लागणं, ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून ज्या बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने कमी केले, तोच हा आजार. पावसाळ्यात मलेरियाचाही विचार करावा लागतो. अशा वेळी बाळंतकाढ्यावर भागवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सांगायचं राहतं ते एवढंच, की हे सारं बाईला आधी कळायला हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते; त्या दिवशी सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईसोबत आलेल्या सासूला, नणंदेला ही माहिती दोन मिनिटांत देता येते. बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्या बाळासाठी येतात म्हणून सगळं घर बाळाभोवती गोळा होतं. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर असतो. बाळाचा ताप बघून झाला की आईचाही बघायला सांगा.