न जाणवलेला झटका

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या मावशीला चक्कर यायची, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टात लिहून आलं: बारीक जुने झटके, शिवाय पांढऱ्या भागात बदल. मावशी म्हणाली, "अरे, मला कधी झटका आलाच नाही!" घरोघरी हेच ऐकू येतं, म्हणून थोडा खुलासा.

गैरसमज: तोंड वाकडं झालं नाही, हातपाय लुळे पडले नाहीत, म्हणजे झटका आला नाही.
वस्तुस्थिती: मेंदूत खोलवर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. एखादी बुजली की तिथला 3 ते 15 मिलिमीटरचा, म्हणजे मुगाच्या दाण्यापासून चिंचोक्याएवढा भाग मरतो. हात हलवण्याचे किंवा बोलण्याचे तंतू तिथून जात नसतील, तर काहीच जाणवत नाही. वयस्कर लोकांच्या पाहण्यांत पाचांतल्या साधारण एकाच्या मेंदूत अशी खूण सापडते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला 60 ते 90 वयाच्या 1015 जणांवर नजर ठेवली, तेव्हा अशा खुणा असलेल्यांत पुढे डिमेन्शियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला.

गैरसमज: पांढरे डाग वयाचेच, केस पिकतात तसे.
वस्तुस्थिती: वय मोठं कारण आहे, पण एकटं नाही. पांढरा भाग म्हणजे मेंदूच्या केंद्रांना जोडणारं तंतूंचं जाळं. वाढलेलं बीपी, मधुमेह, तंबाखू, किडनीचे आजार यांनी बारीक रक्तवाहिन्या कडक होतात आणि जाळ्याला रक्त कमी पडतं. तुरळक ठिपके पुष्कळांत असतात. ठिपके एकमेकांना मिळून पट्टे झाले की लक्ष द्यायला हवं. सुरुवात विसरण्यानेच होते असं नाही. पावलं आखूड पडतात, कामाचा क्रम चुकतो. मावशीला सगळ्या भाचरांचे वाढदिवस पाठ होते, पण पुरण करताना कट काढायच्या आधीच तिने गूळ घातला.

गैरसमज: बीपीचा काही त्रास नाही, मग गोळी कशाला?
वस्तुस्थिती: बीपी बहुधा त्रास न देताच नुकसान करतं. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' अभ्यासात (2019) वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात विचारशक्तीची सौम्य घसरण सुमारे एक पंचमांशाने कमी दिसली आणि पांढरे डागही कमी वाढले. डिमेन्शिया टळतो, एवढं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. आपला आकडा किती असावा हे डॉक्टरांनी ठरवायचं. म्हातारपणी बीपी फार उतरलं तर पडण्याची भीती असते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं. लोणचं-पापड त्यातच मोजायचे.

गैरसमज: डाग दिसले की रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी.
वस्तुस्थिती: निव्वळ डागांसाठी ती घेऊ नये, असंच युरोपातल्या स्ट्रोकतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये सांगितलं, रक्तस्रावाचा धोका असतो. मात्र हृदयविकार, अनियमित ठोके किंवा आधीचा झटका यांसाठी ती चालू असेल, तर मनाने बंद करू नये.

गैरसमज: मेंदूला इजा झाली, आता काही उरलं नाही.
वस्तुस्थिती: याचं उत्तर हैदराबादेतूनच आलं आहे. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी उघड झटका येऊन गेलेल्या 608 रुग्णांची तपासणी केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी 40.5 टक्क्यांची विचारशक्ती शाबूत होती, एकभाषिकांपैकी 19.6 टक्क्यांची. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. भाषेने झटका टळतो असं यातून निघत नाही. पण आयुष्यभर राबवलेला मेंदू इजा जास्त सोसतो, याचा हा भक्कम संकेत आहे. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी दखनी बोलणाऱ्या आपल्या माणसांनी हे सोडू नये.

आणि तोंड, हात किंवा बोलणं अचानक बिघडलं, तर उद्यावर न ढकलता 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मावशीच्या कॅलेंडरवर आता रोजच्या चौकोनात दोन आकडे असतात, वरचं बीपी आणि खालचं. न जाणवणाऱ्या आजाराची खबर तिला तिथूनच मिळते.