जुने संगणक-खेळ नव्या संगणकावर का चालत नाहीत?

जामनेर तालुक्यातील पहूर हे पाचोरा–जामनेर या अरुंद लोहमार्गावरील एक स्थानक होते. त्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर पाचोऱ्यावरून जाणाऱ्या मुंबई–भुसावळ मार्गाचे १६७६ मिलिमीटर. म्हणून २०२० साली ही लहान गाडी बंद होईपर्यंत तिने मुंबईकडे निघालेल्या पहूरच्या उतारूस पाचोऱ्यास गाडी बदलावी लागे. लहान गाडीचा डबा कितीही सुस्थितीत असला, तरी तो मोठ्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. दोष डब्याचा नव्हता आणि रुळांचाही नव्हता. दोहोंचा मेळ नव्हता.

शाळेच्या कपाटातील शैक्षणिक खेळांच्या जुन्या सीडींची स्थिती अशीच आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात संगणक-साहाय्यित अध्ययनासाठी अनेक शाळांत संगणक आले व त्यांबरोबर अशा सीडीही आल्या. आज नव्या संगणकावर त्यांतील खेळ उघडत नाही. मुले हिरमुसतात, शिक्षक एक तर सीडी निकामी समजून टाकून देतात, नाही तर आपणांसच संगणक येत नाही असे मानतात. ही दोन्ही अनुमाने घाईची होत. खेळ म्हणजे डबा व विंडोज ही कार्यप्रणाली म्हणजे रूळ असे समजून, मेळ कोठे तुटला हे प्रथम पाहावे. अशा जागा बहुधा पाच असतात.

पहिली जागा सीडीची. आजच्या बहुतेक लॅपटॉपला सीडी घालण्याची सोयच नसते. जुन्या संगणकावरून सीडीची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. खेळ सुरू होताना मूळ सीडी मागत असेल, तर आयएसओ स्वरूपाची प्रत करावी. विंडोज १० मध्ये ती सीडीप्रमाणेच उघडते.

दुसरी जागा बिटांची. विंडोज ९५ च्या पूर्वीचे बरेच खेळ १६ बिटांचे असत. ६४ बिटांची विंडोज ते स्वीकारीत नाही, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ तर ६४ बिटांचीच आहे. डॉसवरील खेळांसाठी डॉसबॉक्स हा विनामूल्य प्रोग्राम उपयोगी पडतो.

तिसरी जागा पडद्याची. जुने खेळ २५६ रंगांच्या व ६४० × ४८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी रचलेले असत. खेळाच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कंपॅटिबिलिटी’ या भागात तसे रंग, तसा पडदा व जुन्या विंडोजचे नाव निवडता येते. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

चौथी जागा फ्लॅशची. या साधनावर मुलांचे असंख्य खेळ बनले. परंतु ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला व १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील खेळ चालणे रोखण्यात आले. रफल या विनामूल्य प्रोग्रामात असे पुष्कळ खेळ चालतात, सर्व नव्हे. मात्र ‘फ्लॅश उतरवून घ्या’ असे सांगणाऱ्या अनोळखी ठिकाणांवरून काहीही घेऊ नये. त्यातून संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो.

पाचवी जागा मराठी अक्षरांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या खेळांत ‘कमळ’ या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसू लागली, तर खेळाचा मूळ फॉन्ट संगणकात नाही असे समजावे. तो बहुधा सीडीतच असतो. तेथून संगणकात बसवावा.

जुना संगणक चालू असल्यास तो मोडीत काढण्याची घाई करू नये. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. म्हणून असा संगणक इंटरनेटला न जोडता केवळ खेळांसाठी ठेवणे इष्ट होय.

एवढे करूनही खेळ चालला नाही, तर त्यातून मुलास काय शिकावयाचे होते हे आठवावे. जीकॉम्प्रिससारख्या विनामूल्य संचात तशाच उद्देशाचा खेळ सापडू शकेल. तोही न मिळाल्यास बेरीज-वजाबाकीचा खेळ चिंचोक्यांवर मांडता येतो. गाडी बदलावी लागली म्हणून उतारू प्रवास सोडीत नसे; मुलाचे शिकणेही एका सीडीपाशी थांबू नये.