कोपीवरची शुगर

पाथर्डीत माझं औषधांचं दुकान आहे. दसरा जवळ आला की काउंटरवरची गर्दी बदलते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली माणसं टोळी ऊसतोडीला निघायच्या आत शुगरच्या गोळ्या न्यायला येतात. जायचं असतं 5-6 महिन्यांसाठी, पैसे असतात दोन पाकिटांचे. "पुढचं तिकडं घेऊ," म्हणतात. तिकडं म्हणजे कुठल्या कारखान्यावर, हे त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

"आमच्यात कुणी जाड नाही, मला कशी शुगर?" हा नेहमीचा प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. आपली माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे काटक माणसालाही शुगर गाठते.

औषधं मात्र खरंच सुधारलीत. एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी 60 रुपयांच्या घरात होती. मार्च 2025मध्ये पेटंट संपलं आणि ती 10 रुपयांच्या आसपास मिळू लागली. जादा साखर ती लघवीवाटे बाहेर काढते, शिवाय हृदय आणि किडनी सांभाळते. गरिबाला हे औषध परवडायला लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण तीच गोळी उसाच्या फडात काय करते, तेही बघा. लघवी वाढते, पाणी जास्त लागतं, स्वच्छता नसली की लघवीच्या जागेवर बुरशी होते. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात. अशा वेळी उन्हात ही गोळी अंगावर उलटू शकते. जुन्या ग्लिमेपिराइडची तऱ्हा वेगळी. ती घेऊन उपाशीपोटी कोयता धरला की साखर उतरते, दरदरून घाम येतो, हात थरथरतात. माणूस समजतो, थकलो. त्या वेळी आधी गूळ तोंडात टाकायचा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पण "मी ऊसतोडीला चाललोय" एवढं डॉक्टरांना जरूर सांगा. चिठ्ठी बदलू शकते.

गेल्या वर्षी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एक बाई मलम मागायला आली. चवड्याला चिंधी बांधलेली. सोडली तर आत काळपट भोक, भोवती सूज, आणि वास. उसाचं धसकट कधी घुसलं, तिला कळलंच नव्हतं. शुगरनं पायाची जाणीव गेली होती. मलम न देता मी तिला सरळ दवाखान्यात पाठवलं. पाय वाचला, दोन बोटं गेली.

इन्सुलिनवाल्यांची अडचण फ्रिजची. वापरात असलेली बाटली साधारण 4 आठवडे सावलीत, गारव्यात टिकते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या माठात ठेवा. बर्फावर मात्र नको. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

हे सगळं टोळीत बघायला कुणीतरी हवं. आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या बायकाही त्यात तयार झाल्या. मग प्रत्येक टोळीत एक बाई अशी का तयार होऊ नये? मुकादमांनो, उचल देताना प्रत्येकाची शुगर तपासून घ्या. आणि टोळीतल्या बायांनो, रोज रात्री बॅटरीच्या उजेडात एकमेकींचे तळपाय बघा.