मुलाची कार्टून फिल्म : खर्चाआधी खाका पाहा

आमच्या ओळखीचे एक टेलरमास्टर आहेत. तीस वर्षे मशीनवर बसून त्यांनी घर उभे केले. धाकटा मुलगा अॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा मास्टर आमच्याकडे आले ते काळजीतच. मुलाला अभ्यासक्रमासाठी स्वतःची फिल्म करायची आहे. कथा एका एकट्या माणसाची आणि त्याच्या दारात आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाची. लांबी पंधरा मिनिटे. त्यासाठी भारी कॉम्प्युटर हवा, आणि मास्टरांनी ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम तो मागतो आहे. मास्टरांचा सवाल सरळ होता, "फिल्म विकायची नाही, तिकीट लावायचे नाही, मग हा खर्च कशासाठी?"

सवाल रास्त आहे. आपल्यातील अनेक कारागीर बंधूंच्या घरी आज हाच सवाल असेल, म्हणून त्याचा जबाब इथे देत आहोत.

विद्यार्थ्याची फिल्म हा विकण्याचा माल नसून नमुना आहे. नवा कारागीर कामावर ठेवताना आपण त्याचे सर्टिफिकेट पाहत नाही, एक बाही लावून दाखव म्हणतो. स्टुडिओवालेही तेच करतात. पण नमुना छोटा असावा आणि पुरा असावा. अर्धवट शिवलेली शेरवानी दाखवून काम मिळत नाही. नीट शिवलेला कुर्ता दाखवून मिळते.

चार मिनिटांची कमाई

याचे चांगले उदाहरण जर्मनीत आहे. लुडविग्सबर्ग येथील फिल्म अकादमीत शिकताना याकोब फ्राय या विद्यार्थ्याने २०१४ साली 'द प्रेझेंट' ही पदवीची फिल्म केली. लांबी सुमारे चार मिनिटे. अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ गेम खेळणारा एक मुलगा. आई खोका आणून देते, त्यात पिल्लू असते. पिल्लाचा एक पाय नाही हे दिसताच मुलगा त्याला झिडकारतो. पिल्लू मात्र लाल चेंडूमागे पडत-धडपडत खेळत राहते. अखेर मुलगा हसतो, कुबड्या घेऊन उठतो, आणि तेव्हा कळते की त्यालाही एक पाय नाही.

सारा जमाखर्च पाहा. पात्रे तीन, त्यातली आई जेमतेम दिसते. जागा म्हटली तर एक घर. सामान म्हणजे खोका आणि चेंडू. एवढ्या भांडवलावर या फिल्मने देशोदेशीच्या महोत्सवांत पन्नासहून अधिक पारितोषिके घेतली आणि फ्राय पुढे डिस्नेच्या स्टुडिओत अॅनिमेटर झाले. कथाही त्यांची स्वतःची नव्हती. ती ब्राझीलचे चित्रकार फाबियो कोआला यांच्या छोट्या चित्रकथेवरून घेतलेली आहे आणि फिल्ममध्ये तसे श्रेय दिलेले आहे.

पंधरा मिनिटे म्हणजे किती?

मास्टरांसमोर आम्ही कागदावर हिशेब मांडला. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे लागतात. पंधरा मिनिटांची चित्रे होतात २१,६००. कॉम्प्युटरवर त्रिमितीत केलेले प्रत्येक चित्र शेवटी उजेड-सावलीसह मशीनकडून तयार करून घ्यावे लागते. याला रेंडर म्हणतात. एका चित्राला अर्धा तास धरला, तर एका मशीनला रात्रंदिवस ४५० दिवस लागतील. हेच काम अडीच मिनिटांचे केले, तर चित्रे ३,६०० आणि दिवस ७५. मशीन भारी घेतले तर दिवस कमी होतील, पण मुलाच्या हाताने करायची मेहनत कमी होणार नाही.

आता कामाचा क्रम पाहू. आधी कथा, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगामागून प्रसंग पेन्सिलने काढलेली चौकटींची चित्रे. हा आपला खाका. ती चित्रे अंदाजे वेळ आणि आवाज लावून सलग पाहायची, त्याला अॅनिमॅटिक म्हणतात. ही आपली कच्ची शिलाई. ट्रायल इथे घ्यायची. चार परक्या माणसांना दाखवायचे, काही सांगायचे नाही, आणि त्यांना काय समजले ते विचारायचे. इथे एक प्रसंग कापला तर कागद वाया जातो. रेंडरनंतर कापला तर महिना वाया जातो.

त्यानंतर पात्रे घडवणे, त्यांच्या आत हलणारा सांगाडा बसवणे आणि मग हालचाल. पिल्लू इथेच घाम काढते. कुत्रा चालताना आधी मागचा डावा पाय, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा आणि पुढचा उजवा असा क्रम असतो. पिल्लाचे डोके मोठे, पाय आखूड, तोल कच्चा. हे पुस्तकात वाचून जमत नाही, गल्लीत बसून पाहावे लागते. अंगावरचे केसही मशीनचा वेळ खातात, म्हणून आखूड केसांचे पिल्लू परवडते.

माणसाच्या बाबतीत मास्टरांच्या घरातच उस्ताद आहे. कोपर वाकले की बाहीला चुण्या कुठे पडतात, सुती कापड कसे पडते आणि टेरिकॉट कसे, हे मुलाने अब्बांना विचारावे. हे ज्ञान फी भरूनही सहज मिळत नाही.

पैसे देण्यापूर्वी

पालकांसाठी चार गोष्टी. पहिली, सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजण्याची घाई करू नये. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. लॅटव्हियाच्या ज्या 'फ्लो' या फिल्मला २०२५ साली ऑस्कर मिळाले, ती त्यावरच झाली आहे. दुसरी, संस्थेची मशीने रात्री वापरता येतात का ते विचारावे. तिसरी, फिल्मची मालकी विद्यार्थ्याची की संस्थेची, हे प्रवेशाच्या कागदावर वाचावे. चौथी, कथा किंवा संगीत दुसऱ्याचे असेल तर लेखी परवानगी घ्यावी. नाहीतर महोत्सवात फिल्म अडते.

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी अहमदाबादची एनआयडी आणि मुंबई आयआयटीचे आयडीसी ही नावे लक्षात ठेवावीत. दोन्हीकडे अॅनिमेशन शिकवतात आणि प्रवेश परीक्षेने मिळतो. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांनी पुऱ्या केलेल्या फिल्म मागून पाहाव्यात.

मास्टरांनी पैसे दिले नाहीत आणि नकारही दिला नाही. मुलाला म्हणाले, "बेटा, आधी खाका दाखव. ट्रायल नीट बसली तर मशीनचे बघू." दुकानाची मागची भिंत त्यांनी त्याला दिली. तिथे आता चौकटींची चित्रे चिकटवलेली आहेत. पंधरा मिनिटांची कथा अडीचवर आली आहे : एक दुकान, एक माणूस, एक पिल्लू. कपडे घ्यायला येणारी गिऱ्हाइके ती चित्रे पाहतात आणि विचारतात, "पुढे पिल्लाचे काय झाले?" ट्रायल सुरू झाली आहे. ओव्हरलॉकचे पैसे अजून जागेवर आहेत.