प्रयोगशाळेतली डासांची वसाहत

हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तात सोडते ती ॲनोफिलीस डासाची मादी. कीटकनाशके, औषधे, लशी यांच्या चाचण्यांसाठी वय आणि वंश नेमका माहीत असलेले डास लागतात, म्हणून ते प्रयोगशाळेत वाढवतात.

सुरुवात गोठ्यांतून, घरांतून पकडलेल्या, रक्त प्यायलेल्या माद्यांपासून होते. प्रत्येक मादीला स्वतंत्र नळीत ओल्या कागदावर अंडी घालू देतात. त्यामुळे जात ओळखता येते, भेसळ टळते. अंडी होडीसारखी, दोन्ही कडांना हवा भरलेले तरंगक असलेली. अळ्यांना माशांच्या खाद्याची बारीक पूड देतात. हे काम हलक्या हाताचेच, कारण पूड जास्त झाली की पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरून मरतात. खोलीत साधारण २७ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता राखतात. प्रौढांना साखरपाणी, माद्यांना पातळ पटलाआडून कोमट रक्त.

खरी अडचण मीलनाची. अनेक जातींचे नर संध्याकाळी उघड्यावर थव्याने उडतात आणि तिथेच जोड्या जमतात. जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात ते जमत नाही. मुंबई-गोव्यात शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी मात्र पिंजऱ्यात सहज रुळतो, म्हणून तो जगभरच्या प्रयोगशाळांत दिसतो. आग्नेय आशियातल्या ॲनोफिलीस डायरससाठी तंत्रज्ञ भूल दिलेल्या मादीशी नराचा संयोग हाताने घडवून आणतात.

पिढ्या उलटतात तशी वसाहत रानातल्या डासांपासून दुरावते. कीटकनाशकाशी संबंध न आल्यास प्रतिकारशक्तीही ओसरू शकते, त्यामुळे ती ठरावीक काळाने पुन्हा तपासावी लागते.