इतिहास मंडळ काय काम करते?



या फळ्यावरचा माहितीचा कोपरा या खेपेला माझ्याकडे आला. गुरुजी म्हणाले, "धरणावर लिही, नाहीतर पोस्टावर लिही." पण हा विषय मी मागून घेतला. आमच्या घरातच तसे कारण घडले.

इतिहास मंडळ म्हटले म्हणजे मला वाटे, तेथे भिंतीवर ढाली-तलवारी असतील, एखादी तोफ असेल, आणि मोठमोठी माणसे भाषणे करीत असतील. तालुक्याच्या गावचे मंडळ मी पाहिले ते असे: वाचनालयाच्या मागे दोन खोल्या. तीन लोखंडी कपाटे, एक लांब मेज, एक भिंग आणि डांबरगोळ्यांचा वास. तलवार एकही नाही. मी जरा हिरमुसलेच. मग आम्ही तेथे कशाला गेलो, ते सांगते.

२०२४ च्या पावसाळ्यात आमचे धाबे गळले. नवी माती टाकायची म्हणून घर रिकामे करताना मागच्या खोलीतल्या लाकडी पेटीत एक लाल फडक्याचे गाठोडे निघाले. पेटीच्या तळाला वाळवी लागली होती, आणि ती गाठोड्यात शिरली होती. आत कागद. निम्मे धड, निम्मे चाळणीसारखे. काका म्हणाला, "काय कामना शेतस ह्या कागद? बंबात घाला." आजीने गाठोडे उचलून मांडीवरच घेतले. "जमिनीचे आहेत. तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून." खरे तर आजीला ते वाचता येत नव्हते, बापूंना येत नव्हते, कोणालाच येत नव्हते. ते मोडीत होते. शेवटी बापू म्हणाले, मंडळात दाखवू. आजी गाठोडे हातचे सोडेना, म्हणून तीही बसमध्ये बसली.

मंडळ रविवारी सकाळी नाना उघडतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. आम्हांला वाटले, नाना चष्मा लावून लगेच वाचायला लागतील. त्यांनी आधी आम्हांला हात धुवायला लावले, आणि कोरडे होईपर्यंत थांबवले. मेजावर पांढरे धुतलेले कापड अंथरले. मग मऊ कुंचल्याने एकेक कागद दोन्ही बाजूंनी हळू झटकला. त्यातच तास गेला. मंडळाचे निम्म्याहून जास्त काम हेच असते असे नाना म्हणाले. इतिहास मागाहून, आधी धूळ.

मी विचारले, वर्तमानपत्र दोन-चार वर्षांत पिवळे पडून मोडते, मग हे इतकी वर्षे टिकले कसे? नानांनी सांगितले ते असे. पूर्वी जुन्नर, दौलताबाद अशा ठिकाणी हाताने कागद करीत. चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुटून त्याचा लगदा होई. त्याचे धागे लांब आणि चिवट असतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भुशासारख्या लगद्याचा असतो, त्यातच आम्ल तयार होते आणि तेच त्याला खाते. शाई काजळीची, डिंक घातलेली. ती उन्हाने उडत नाही, मात्र पाणी लागले की पसरते. म्हणून जुन्या कागदाला म्हातारपणाची भीती फारशी नाही. त्याला भीती आहे ओलीची, वाळवीची, कसरीची, उंदराची. आणि आपल्यासारख्या हौशी माणसाची. फाटलेल्या ठिकाणी आपण चिकटपट्टी लावतो, तिचा गोंद पुढे पिवळा होऊन कागदात मुरतो आणि अक्षर घेऊन बसतो. काही जण लॅमिनेशन करून आणतात. ते तर पुन्हा काढताच येत नाही. बापूंनी एका कागदाला पट्टी लावली होती. नाना काही बोलले नाहीत, पण तो कागद त्यांनी दोनदा उलटून पाहिला, तेव्हा बापू खिडकीबाहेर बघू लागले.

झटकलेले कागद सपाट करून स्वच्छ सुती कापडात बांधतात. त्या चौकोनी कापडाला आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही 'रुमाल' म्हणतात. मला आधी खिशातला रुमाल वाटला. रुमालाच्या घडीत वेखंडाची पुरचुंडी. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली असतात, कारण ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतूनच येतात. पावसाळा संपला, दसरा झाला, की सगळे रुमाल सोडायचे, प्रत्येक कागद झटकायचा, सावलीत वारा द्यायचा, पुन्हा बांधायचे. उन्हात घालायचे नाहीत. एखाद्या वर्षी हे काम चुकले तर पुढल्या वर्षी कपाटात भुसा सापडतो.

दुसरे काम नोंदवहीचे. कागद आला की त्याला क्रमांक, तारीख, कोणी दिला, कोणत्या गावचा, किती पाने, लांबी-रुंदी, पहिली ओळ, शेवटची ओळ, असे सर्व लिहितात. कोठून आला हे लिहिले नाही तर कागद पोरका होतो, मग त्यातला मजकूर कोणत्या नदीचा आणि कोणत्या पाटलाचा हे कोण सांगणार? हे रकाने भरताना मात्र मला कंटाळा आला, खोटे कशाला लिहू.

आता वाचन. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणजे आपल्या शुद्धलेखनाच्या तासाला जे मार जाते ते तेथे चालते! शब्द कोठे तुटतो ते वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. नाना भिंग धरून एकेक शब्द पुटपुटत होते आणि बापू वहीत उतरवून घेत होते. वरच्या ओळीत सन होता: 'सलास सबैन मया व अलफ'. ही अरबी अंकांची नावे आहेत. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७३. याला शुहूर सन म्हणतात. मराठ्यांच्या काळी कागदोपत्री तो फार चाले, आणि तो मृग नक्षत्र लागले की बदले, कारण शेतीचे वर्ष तेव्हाच सुरू होते. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. पण कागद जानेवारीनंतरचा, पुढच्या मृगाच्या आतला असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे आमचा कागद १७७२ चा किंवा १७७३ चा. दोहोंपैकी कोणता? ते महिन्यावरून कळले असते. महिना ओळीच्या शेवटी होता, आणि ओळीचा शेवट वाळवीने खाल्ला.

कागद जमिनीचा नव्हता, पाण्याचा होता. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत पूर्वापार आहे, ती तुम्हांला ठाऊकच आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. सरकारने नेमलेले हे लोक नव्हेत, गावाने गावासाठी ठेवलेले. आमच्या कागदात, पुराने बंधारा फुटल्यावर दुरुस्तीला कोणी किती माणसे द्यायची त्याची यादी होती. डावीकडे नावे, उजवीकडे आकडा. डावी बाजू वाचली, उजवी गेली. नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे भोक आहे. एक नाव आमच्या आडनावाचे निघाले. आपल्या वर्गातल्या आणखी तिघांची आडनावेही त्या यादीत आहेत. कोणाची ते मी येथे मुद्दाम लिहीत नाही.

आजीने विचारले, "मग जमीन?" नाना म्हणाले, "आजी, जमिनीला आता सातबारा. ह्या कागदानं कोणाची जमीन जात नाही अन् कोणाला मिळत नाही." आजीला हायसे वाटले की वाईट वाटले, हे मला तिच्या तोंडावरून कळले नाही. इतकी वर्षे तिने ते जमिनीचे म्हणून सांभाळले होते.

मंडळाच्या भिंतीवर एक फोटो आहे. तो इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा. हे गावोगाव हिंडत, लोकांच्या माळ्यावरची, पेटाऱ्यातली दफ्तरे पाहायला मागत, मिळतील ती नकलून घेत. त्यातून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड छापले. पहिला १८९८ साली निघाला. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघाले, त्याच्या स्थापनेतही ते होते. आणि आपल्याला जवळची गोष्ट ही की त्यांचे शेवटचे दिवस धुळ्यात गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. त्यांनी जमवलेले कागद पांगू नयेत म्हणून धुळ्याच्या मंडळींनी पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ काढले. एक माणूस गेला तर त्याच्या घरचे कागद आठवड्यात रद्दीत जाऊ शकतात, हे त्या मंडळींनी ओळखले होते. तालुक्याचे मंडळ हे त्याच्यापुढे अगदीच लहान. पण काम त्याच जातीचे.

खर्चाचे विचारायला मला संकोच वाटला, पण गुरुजींनी विचार म्हणून सांगितले होते. मंडळ नोंदलेले आहे, म्हणून दर वर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. वर्गणीतून विजेचे बिल, कापड, वेखंड, कपाटांचा रंग आणि हिशेब तपासनिसाची फी एवढेच कसेबसे भागते. खोल्यांचे भाडे वाचनालय घेत नाही. सभासदांच्या यादीत नावे पुष्कळ आहेत. दसऱ्यानंतर रुमाल सोडायला येतात ते नाना धरून पाच. त्यांत मोडी वाचणारे दोघे, आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "कपाटाची किल्ली देता येते पोरी," नाना म्हणाले, "वाचणं किल्लीसारखं देता येत नाही." एवढे बोलून ते चहा आणायला गेले.

आणखी एक अडचण आहे, ती पालकांनी ऐकावी. लोक कागद द्यायला कचरतात. त्यांचेही अगदीच चुकते असे नाही. मागे एक गृहस्थ पुस्तक लिहितो म्हणून दोन-तीन गावांतून कागद घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मंडळाने नियम केला. कागद ठेवून घेतला तर क्रमांकाची पावती, दोन सह्यांची. ठेवायचा नसेल तर मोबाईलवर फोटो काढून अस्सल कागद त्याच दिवशी परत. शिवाय मंडळ कागद विकत घेत नाही आणि विकतही नाही. नाणी कोणी आणली तर मंडळ ती ठेवून घेत नाही, जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते असे सांगते. हा कायदा १८७८ पासूनचा आहे.

मंडळी गावोगावही जातात. आपल्या मारुतीच्या पाराजवळचा जो दगड आहे, ज्यावर बसून आपण गोट्या मोजतो, तो वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात पडलेल्या वीराला अप्सरा वर नेत आहेत, वरच्यात तो शंकराच्या पिंडीपुढे बसला आहे, सर्वांत वर चंद्र-सूर्य. मागच्या जत्रेला त्याला ऑइलपेंट फासला, त्यामुळे अप्सरांची तोंडे बुजली आहेत. नानांनी मला माप घेऊन यायला सांगितले होते. मी घेतले, टेपने, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा वेगळे आले. मग गुरुजींनी चौथ्यांदा घेतले.

आमच्या गाठोड्याचे शेवटी काय झाले? आजी तिसऱ्या रविवारी तयार झाली. दहा कागद तिने मंडळाला दिले आणि एक घरी ठेवला, तो यादीचा. पावती तिने दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे. दसरा झाल्यावर नाना रुमाल खरेच सोडतात की नाही ते पाहायला ती जाणार आहे. मी नानांकडून मोडीची मुळाक्षरे लिहून आणली आहेत, ती वर्गाच्या कपाटामागे लावली आहेत. यादीतला 'बंधारा' हा शब्द मला आता कोणी न सांगता ओळखू येतो. बाकीचे अजून नाही.

मंडळ दर रविवारी सकाळी उघडे असते. कोणाच्या घरी असे कागद असतील तर गुरुजींना सांगावे, ते पत्ता देतील. जाताना कागद गुंडाळी करून किंवा घडी घालून नेऊ नयेत, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट न्यावेत. आणि हात धुऊन जावे.

— इयत्ता सातवी